फासा नेमकं कुणाला विचारतो?

'बाल्डर्स गेट ३' खेळलेल्यांना ते दृश्य पाठ असेल. तुमचं पात्र एखाद्या पहारेकऱ्याला थाप मारायला जातं, संवाद थबकतो, आणि पडद्यावर वीस बाजूंचा एक फासा गरगरत येतो. किती पडायला हवेत तो आकडाही तिथेच दिसतो. फासा थांबतो, निकाल लागतो, आणि पहारेकरी जणू मध्ये काही झालंच नाही अशा थाटात पुढे बोलू लागतो. मला त्या फाशाचा कधीच जाच वाटला नाही. उलट तो फिरत असताना मी माउस सोडून हात जोडून बसते.

हाच फासा आमच्या टेबलावर पडला की मात्र वाद होतो.

टेबल म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचं टेबल. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या पहिल्याच एपिसोडमध्ये ती चार पोरं तळघरात बसून जे खेळत असतात, ते. एक जण सूत्रधार असतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये त्याला डंजन मास्टर म्हणतात, आम्ही सगळ्याच खेळांत सरसकट जीएम म्हणतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. जीएम जग सांगतो, तुम्ही तुमचं पात्र काय करतं ते सांगता, आणि पुढे काय होईल हे नक्की नसतं तिथे फासे टाकता. डोळ्यांपुढे काहीच नसतं, सगळं बोलण्यातून उभं राहतं. कॉम्प्युटरवरचा फासा आला तरी मागे किल्ला दिसत राहतो. टेबलावर "थांब, रोल कर" म्हटलं की बोलणं थांबतं, आणि बोलण्याबरोबर किल्लाही जातो. राहतात चार माणसं, चिवड्याची वाटी आणि आकड्यांनी भरलेला एक कागद.

म्हणून एक तक्रार सतत ऐकू येते: नियम मध्ये आले की कॅरेक्टर सुटतं. त्यावरचं उत्तरही ठरलेलं आहे: नियम नको असतील तर नाटकात काम कर, गेम कशाला खेळतोस? मी दोन्ही बाजूंनी भांडून झाले आहे. आता मला वाटतं की दोन्ही बाजू नियम किती आहेत एवढंच मोजत बसतात. नियम प्रश्न कुणाला विचारतो, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. पात्राला विचारतो, की पात्रामागे बसलेल्या माझ्यासारख्या खेळाडूला?

सगळ्यांच्या ओळखीचा नमुना घेऊ. 'डी अँड डी'ची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली, आपल्याकडचे बरेच जण तिच्यावरच खेळायला शिकले. तिच्यात 'पर्सुएशन' नावाचं कौशल्य आहे. समजा, राजाला सैन्य पाठवायला राजी करायचं आहे. एक खेळाडू उठून उभा राहतो आणि तीन मिनिटं असं काही बोलतो की बाकीच्यांचे घास हातात राहतात. जीएम म्हणतो, "वा! आता पर्सुएशन रोल कर." पडतात तीन. मग आता काय करायचं? राजाने नाही म्हणावं तर ते भाषण कुठे गेलं? अशा वेळी बरेच जीएम मनाचा मोठेपणा दाखवतात: एवढं छान बोललास, रोल राहू दे.

हा मोठेपणा दुसऱ्याच कुणाच्या तरी खिशातून येतो. आमच्या गटात एक जण आहे जो चार माणसांत बोलताना अडखळतो. त्याने मुद्दाम बार्ड घेतला, म्हणजे शब्दांनी दारं उघडणारा भाट. कॅरिझ्मा अठरा. चांगलं बोलणाऱ्याला रोल माफ असेल तर या मुलाची अठरा कागदावरच राहते, आणि ज्यांच्या जिभेवर आधीपासून साखर आहे तेच प्रत्येक खेळात भाट होतात, त्यांचं पात्र मुका लोहार असलं तरी. कुस्तीचा प्रसंग आला की कुठलाही जीएम खेळाडूला जोर-बैठका काढायला लावत नाही. बोलण्याच्या प्रसंगात मात्र आपण बिनदिक्कत खेळाडूचीच परीक्षा घेतो आणि तिला रोलप्लेइंग म्हणतो.

म्हणजे फासा सगळ्यांनाच भूमिकेतून बाहेर ओढतो हे खरं नाही. त्या मुलाला तोच आत नेतो. आम्ही मग एक साधा बदल केला: आधी रोल, मग बोल. त्याला एकोणीस पडले. त्याने थोडा विचार केला आणि राजाला म्हणाला, "महाराज, तुमचा मुलगा त्या गडावर आहे." एवढंच. एकोणीस पडलेत हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्या एका वाक्याला तीन मिनिटांच्या भाषणाचं वजन आलं.

पण या उपायाची मी आरती ओवाळणार नाही. निकाल आधी कळला की आपण त्याला साजेसा अभिनय करतो. बघायला तो झकास असतो. पण पात्राला निकाल माहीत नसतो, त्याच्या पोटात गोळा आलेला असतो. आपण मात्र निवांत असतो, कारण आपण तेव्हा लेखक झालेलो असतो. न्याय मिळाला, धाकधूक गेली. काही रात्री हा सौदा परवडतो, काही रात्री नाही.

हा सांधा मुळातच असा सैल का आहे, याचं उत्तर या खेळाच्या जन्मात सापडतं. १९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेसली नावाच्या माणसाने 'ब्राउनस्टाइन' हा नेपोलियनच्या काळातला युद्धखेळ मांडला. त्यात त्याने खेळाडूंना नुसत्या पलटणी न देता गावातली एकेक व्यक्ती करायला दिली. या मंडळींमध्ये डेव्ह अर्नेसन होता. त्याने पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. पात्रात किती जीव उरला हे सांगणारे 'हिट पॉइंट्स' आपण आपल्या आधीच्या एका खेळातून उचलले, असं अर्नेसनने पुढे मुलाखतीत सांगितलं. तो खेळ होता अमेरिकन यादवी युद्धातल्या लोखंडी पत्र्याच्या जहाजांचा.

हे मला फार बोलकं वाटतं. जहाजाला दुखत नाही. त्याला किती भोकं पडली ते मोजायचं, आणि ठरावीक भोकांनंतर ते बुडतं. तो हिशोब जसाच्या तसा माणसावर चढवला गेला. गायगॅक्सला ही अडचण दिसत होती. १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये त्याने खुलासा केला की हे पॉइंट म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे, त्यांत कसब आहे, नशीब आहे, दैवी कृपासुद्धा आहे. खुलासा चांगला आहे, पण टेबलावर त्याने फरक पडत नाही. माझे बावन्नपैकी नऊ पॉइंट उरलेत हे मला दिसतं, माझ्या पात्राला दिसत नाही, आणि पळायचं की लढायचं हे मात्र मी त्या नऊवर ठरवते. माझ्या लढवय्याची भीती मी कॅल्क्युलेटरवर काढते.

या दुखण्याला २००८ साली जस्टिन अलेक्झांडर या लेखकाने नाव दिलं: डिसोसिएटेड मेकॅनिक्स. आपण त्यांना तुटलेले नियम म्हणू. खेळाडू जो निर्णय घेतो त्याला पात्राच्या जगात काही अर्थच नसेल, तर तो नियम तुटलेला. त्याच वर्षी 'डी अँड डी'ची चौथी आवृत्ती बाजारात आली आणि तिच्यात तलवारबाजाचे काही डाव दिवसातून एकदाच वापरता येत. जादूगाराचा मंत्र दिवसातून एकदा चालतो हे समजू शकतं, जादूच ती. पण तलवारीचा तिरका वार सकाळी एकदा मारल्यावर संध्याकाळी का मारता येऊ नये? दमलो म्हणावं, तर दुसरे डाव अजून शिल्लक आहेत. 'हा डाव आज वापरू की उद्यासाठी ठेवू' हा विचार फक्त खेळाडू करू शकतो, तलवारबाज नाही.

हा युक्तिवाद मला बरीच वर्षं पुरला. चौथ्या आवृत्तीवर तोंडसुख घ्यायलाही बरा होता. पण तो 'ड्रेड'पाशी येऊन आपटतो.

'ड्रेड' हा एपिडाया रॅव्हाचोल आणि नथॅनियल बारमोर यांचा भयपटांच्या धर्तीवरचा खेळ. त्यात फासे नाहीत. टेबलाच्या मधोमध जेंगाचा मनोरा, तोच, चोपन्न लाकडी ठोकळ्यांचा. पात्राला काही अवघड करायचं असेल, अंधारात कुलूप उघडायचं असेल किंवा ओरडू पाहणाऱ्या मित्राचं तोंड दाबून धरायचं असेल, तर खेळाडूने एक ठोकळा काढून वर ठेवायचा. ठेवला की काम झालं. काढायला नकार देता येतो. मग काम फसतं, पण पात्र वाचतं. मनोरा ज्याच्या हातून पडेल त्याचं पात्र गेलं. आणि एक सुंदर पळवाट: जाणूनबुजून मनोरा पाडलात, तर तुमचं पात्र जाता जाता मोठं काहीतरी साधून जातं.

अलेक्झांडरच्या कसोटीवर हा नियम साफ नापास व्हायला हवा. गोठलेल्या जंगलातल्या केबिनमध्ये अडकलेल्या डॉक्टरला जेंगा ठाऊक असण्याचं काही कारण नाही. 'हा ठोकळा काढू की तो' या निर्णयाचा तिच्या जगात कशाशीही संबंध नाही. तरीही ज्यांनी 'ड्रेड' खेळलाय त्यांना विचारा. दोन तास झाले, मनोरा वेडावाकडा झाला, आणि जीएम हळूच म्हणाला, "दाराबाहेर कुणीतरी आहे. कडी लावायचीय?" तेव्हा माझा हात थरथरत होता. अभिनय म्हणून नव्हे, खरोखर. खोलीत कुणी हलत नव्हतं, पंखासुद्धा बंद केलेला. डॉक्टरचा हात कडीवर थरथरत असणार आणि माझा लाकडावर थरथरत होता, आणि त्या क्षणी हे दोन हात वेगळे काढणं मला जमलं नसतं.

तेव्हा कसोटी बदलायला हवी. नियम पात्राच्या जगात बसतो का, हा प्रश्न पुरेसा नाही. नियम चालू असताना मला कशाची काळजी लागलीय, आणि माझ्या पात्राला कशाची? दोन्हीकडचं ओझं एकाच जातीचं असेल, तर साधन लाकडाचं असो, प्लॅस्टिकचं असो, पात्र सुटत नाही. जेंगा डॉक्टरच्या जगाबाहेर आहे, पण तिची भीती माझ्या बोटांत आणून ठेवतो. हिट पॉइंट डॉक्टरच्या जगातलेच, जखमांबद्दलचेच, आणि मला मात्र हिशोबनीस करून सोडतात.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. देवीच्या यात्रेत अंगात येतं तेव्हा संबळ वाजत असतो, धूप जळत असतो, कुणी कुठे उभं राहायचं तेही बहुतेक ठरलेलं असतं. इतकी सगळी तयारी आहे म्हणून कुणी देवीला सांगत नाही की ही कृत्रिम यंत्रणा तुझ्या आड येतेय.

'ड्रेड' शेवटी एका रात्रीचा, एकाच भावनेचा खेळ आहे. भीती संपली की त्याच्याकडे द्यायला फारसं काही उरत नाही. मला ज्याने खरं हलवलं तो खेळ त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी जुना आहे, आणि त्याचं पुस्तक पहिल्यांदा चाळलं तर नियमांना नावं ठेवणारे लोक ते मिटून ठेवतील. ग्रेग स्टॅफर्डचा 'पेंड्रॅगन', १९८५. राजा आर्थरच्या काळातले सरदार. त्यात ताकद, उंची वगैरेंसोबत कागदावर स्वभावही लिहिलेला असतो. तेरा जोड्या: दयाळू आणि क्रूर, उदार आणि स्वार्थी, शूर आणि भित्रा, क्षमाशील आणि सूड घेणारा, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया चौदा असेल तर क्रौर्य सहा. स्वभावाची परीक्षा बघणारा प्रसंग आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. तुमच्या आकड्याइतके किंवा कमी पडले, तर सरदार तसाच वागतो. त्याहून जास्त पडले तर उलट बाजूवर पुन्हा फासा, आणि तिथेही नाही जमलं तर मगच निर्णय तुमचा. एखादा गुण सोळा किंवा त्याहून वर गेला की तो सरदार त्यासाठी पंचक्रोशीत ओळखला जातो, आणि मग जीएम तुम्हाला फासा टाकायला भाग पाडू शकतो.

हे ऐकल्यावर माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया एकच होती: म्हणजे माझं पात्र काय करेल हे फासा ठरवणार? मग मी कशाला आहे?

मी त्यात एक सरदार केला होता. वडिलांचा खून झालेला, म्हणून सुरुवातीलाच सूडाचा आकडा थोडा वर. वर्षभर खेळलो. 'पेंड्रॅगन'मध्ये तुम्ही एखाद्या स्वभावाला धरून ठळक वागलात की त्याच्यापुढे खूण होते. खेळातलं वर्ष संपून हिवाळा आला की त्या खुणेवर फासा टाकायचा, आणि सध्याच्या आकड्यापेक्षा जास्त पडले तर तो आकडा एकाने वाढतो. मी प्रत्येक वेळी मजेमजेत सूड घेत गेले. शेजारच्या जहागिरीतला माणूस उर्मट बोलला, त्याची गढी जाळली. असं करत करत सूड सोळावर आणि क्षमा चारवर. मग एका सत्रात वडिलांचा मारेकरी समोर आला, म्हातारा, निःशस्त्र, शरण आलेला. त्याच्या मुलीचं आमच्यात लग्न ठरवायचं घाटत होतं, दोन घराणी एक होणार होती. मला त्याला सोडायचं होतं. अगदी मनापासून. जीएम म्हणाला, सोळा आहेत, फासा टाक.

अकरा पडले.

मी त्या म्हाताऱ्याला मारलं. टेबलावर कुणी बोललं नाही. मला जीएमचा राग आला, मग पुस्तकाचा, आणि मग लक्षात आलं की हा राग त्या सरदाराचाही असणार, स्वतःवरचा. त्यालाही या म्हाताऱ्याला सोडायचं असेल. पण ज्या हाताने दहा गढ्या जाळल्या तो हात अकराव्या वेळी मेंदूला विचारत थांबत नाही. ते सोळा कुणी बाहेरून लादले नव्हते. माझ्याच खुणांची ती बेरीज होती. मी सत्र संपलं की विसरायचे, कागद विसरत नव्हता.

पात्रात शिरणं म्हणजे पात्राच्या वतीने मुक्तपणे निर्णय घेता येणं, असं आपण गृहीत धरून चालतो. मला हे गृहीतकच भाबडं वाटतं. खऱ्या आयुष्यात मी माझ्या स्वभावाची मालकीण आहे कुठे? ऑफिसच्या मीटिंगमध्ये गप्प बसायचं असं ठरवून जाते आणि पाचव्या मिनिटाला तोंड उघडते. पूर्ण ताबा असलेलं पात्र हा बाहुला झाला, त्याच्या दोऱ्या माझ्याच हातात. 'पेंड्रॅगन' थोड्या दोऱ्या काढून घेतो आणि मग बाहुला जड लागायला लागतो. अर्थात या नियमाचा सोस वाढला की खेळाचा चुथडा होतो हेही बघितलंय. दर दोन मिनिटांनी 'औदार्यावर रोल कर, संयमावर रोल कर' म्हणणारा जीएम म्हणजे स्वभावाची हजेरी घेणारा मास्तर. पुस्तक तसं करायला सांगत नाही.

याच्या तुलनेत 'कॉल ऑफ क्थुलू' मला अर्धवट यशस्वी वाटतो, जरी त्याची कीर्ती कितीतरी मोठी आहे. सँडी पीटरसनचा हा खेळ १९८१ चा, लव्हक्राफ्टच्या भयकथांवर बेतलेला. त्यातला 'सॅनिटी' नावाचा शहाणपणाचा आकडा प्रसिद्ध आहे. तिथली एक गोष्ट खरोखर अजोड आहे: निषिद्ध ग्रंथ वाचून तुमचं ज्ञान जितकं वाढतं, तितकी तुमच्या शहाणपणाची कमाल मर्यादा खाली येते. नव्व्याण्णवातून ज्ञान वजा. त्यामुळे पुस्तक उघडू की नको, हा प्रश्न खेळाडू आणि पात्र अगदी एकाच धास्तीने स्वतःला विचारतात. पण शहाणपण ढळल्यावर यादीतून एखादा मानसिक आजार काढायचा आणि तो 'करून दाखवायचा', तिथे खेळ घसरतो. यादीने लेबल दिलं, ओझं काहीच दिलं नाही. मग कुणीतरी डोळे फिरवून वेड्याचं सोंग करतो, बाकीचे हसतात. वेडेपणाचं असं सोंग मला बघवत नाही.

'अपोकॅलिप्स वर्ल्ड'बद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याच्यावर जगभर आधीच भरपूर लिहिलं गेलंय. विन्सेंट बेकरचा हा २०१० चा खेळ. दोन साधे फासे: दहा किंवा जास्त म्हणजे काम फत्ते, सात ते नऊ म्हणजे काहीतरी मोजावं लागणार, सहा किंवा कमी म्हणजे आता जीएमची पाळी. पण मला त्यातला सूत्रधारासाठीचा उपदेश जास्त मोलाचा वाटतो. खेळाडूंशी बोलू नका, पात्रांशी बोला. तुम्ही जो नियम वापरताय त्याचं नाव घेऊ नका, जगात काय घडलं ते सांगा. शिवाय प्रश्न विचारत राहा. इथे मात्र जीएमचं कसब लागतं. "आईशी शेवटचं कधी बोललीस?" असं विचारलं की मी आठवते. खरं तर मी ते त्या क्षणी रचत असते, पण रचणं आठवण्यासारखं वाटतं. "या वस्तीचा इतिहास काय असेल, सांग" असं विचारलं की मी लेखिका होते, पेन शोधू लागते. माहिती दोन्हीकडे मीच पुरवली. पहिला प्रश्न पात्राच्या पत्त्यावर आला, दुसरा माझ्या.

आता पत्त्याचंच निघालं म्हणून, मराठीत खेळणाऱ्यांना एक गोष्ट फुकट मिळाली आहे, आणि तिच्याबद्दल इंग्रजीतल्या चर्चांत काही सापडण्याची शक्यता नाही. इंग्रजीत पुरुषाचं पात्र करणारी बाई आणि बाईचं पात्र करणारा पुरुष एकच वाक्य बोलतात: आय ओपन द डोअर. मराठीत मला दार उघडायच्या आधी ठरवावं लागतं, उघडते की उघडतो. 'पेंड्रॅगन'च्या पहिल्या सत्रात मी घोड्यावरून 'उतरते' म्हणाले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुसऱ्या सत्रापासून 'उतरतो'. पहिले पाऊण तास जीभ अडखळते, मग सवय होते, आणि त्यानंतर गंमत अशी की चहा घ्यायला उठतानाही 'जरा येतो' निघून जातं. कुणाला पात्राच्या जवळ जायचं नसेल तर तो 'माझा सरदार उतरतो' म्हणतो, तिसऱ्या पुरुषात, सुरक्षित अंतर राखून. कोण किती आत आहे, हे क्रियापदाच्या शेपटावरून कळतं. कुठल्याच नियमपुस्तकात हा नियम नाही, पण आमच्या टेबलावर तो सगळ्यांत कडक आहे.

तसंच तू, तुम्ही आणि आपणचं. इंग्रजीतला 'यू' खेळाडूलाही लागतो आणि पात्रालाही, कुणाला म्हटलं ते कळायला मार्ग नाही. आमचा जीएम माझा कॉलेजपासूनचा मित्र, तो मला अरे-तुरे करतो. त्याने "काय करतेयस?" विचारलं की प्रश्न मला आहे. मी कागदावरचे आकडे बघते. "काय करणार आपण, सरदार?" म्हटलं की प्रश्न त्याला आहे, आणि तेव्हा कागदाकडे बघणं जरा बेअदबीचं वाटतं. म्हाताऱ्याच्या प्रसंगात त्याने काय विचारलं होतं, ते मला नीट आठवतं: "तुमच्या मनात काय आहे ते बघू या." आणि फासा माझ्यापुढे सरकवला. तिथे तो "काय करतेयस" म्हणाला असता तर मी बहुधा हुज्जत घातली असती.

नियमांची भाषा मात्र आमच्याकडे इंग्रजीच राहिलीय. रोल, इनिशिएटिव्ह, सेव्हिंग थ्रो. मध्यंतरी एकाला मराठीकरणाची हुक्की आली आणि त्याने सेव्हिंग थ्रोला 'बचावफेक' केलं. अर्धा तास कुणीही वाचू शकलं नाही, सगळे हसून मेले. मला वाटतं, शब्द परके राहिले तेच बरं. ते ऐकू आले की आपण देवडीपाशी आलोय हे कळतं. आत गेल्यावर मराठी.

सध्या आम्ही 'अॅलिस इज मिसिंग' खेळतोय, स्पेन्सर स्टार्कचा, २०२० चा. कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या गावातून एक मुलगी बेपत्ता झालीय आणि तिचे मित्र एकमेकांना मेसेज करत तिला शोधताहेत. नव्वद मिनिटांचा टायमर लावायचा आणि त्यानंतर एक शब्दही बोलायचा नाही. सगळा खेळ खऱ्या फोनवर, खऱ्या चॅटमध्ये. फासे नाहीत, ठरलेल्या मिनिटांना उलटायची काही पत्ती तेवढी आहेत. 'मोबाइल बाजूला ठेवा' म्हणून ओरडणाऱ्या जीएमना इथे काही कामच नाही, कारण माझ्या हातात जे आहे तेच माझ्या पात्राच्या हातात आहे. तीन ठिपके उमटतात, थांबतात, पुन्हा उमटतात, आणि पलीकडचा मित्र काय टाइप करून खोडतोय या विचाराने जीव वर-खाली होतो. परवा चाळिसाव्या मिनिटाला माझ्या फोनवर मेसेज आला: येताना दूध आण. आईचा होता. क्षणभर मी गावातल्या कुणाचं दूध संपलंय ते आठवत बसले.